सामूहिक वनहक्काच्या जंगलात रोपवन करावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आपल्या ग्रामसभेला सुमारे ४०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा गावाचा एकत्रित हक्क, मिळाला आहे. जंगल सागमिश्रित, कोरड्या पानझडीचे आहे. बांबू बऱ्यापैकी आहे, मोह आणि तेंदू आहेत, पण गावालगतचा भाग उघडा पडत चालला आहे. एका योजनेतून सागाचे किंवा निलगिरीचे रोपवन करण्यासाठी पैसे मिळू शकतात, एक व्यापारी सगळा बांबू एकाच हंगामात उचलायला तयार आहे, आणि मोह-तेंदूसाठी आग लावण्याची रीत पूर्वापार चालत आली असून तिने जंगलाचे काही बिघडत नाही, असे गावातील वडीलधारी मंडळी म्हणतात. या तिन्ही बाबतींत काय करावे आणि व्यवस्थापन आराखड्याची सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी वनखात्यात तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पूर्व विदर्भातील ग्रामसभांना आराखडे करण्यात मदत करतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर आधीच सांगतो. उघड्या भागात जमिनीखाली काय उरले आहे हे मोजल्याशिवाय एकही खड्डा खोदू नये. बांबू एका हंगामात देऊ नये. आणि आगीच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे खोटे नसले, तरी दरवर्षी सगळीकडे लागणारी आग थांबल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही कामाला फळ येणार नाही.

कोरड्या पानझडी जंगलाचा मोठा भाग जमिनीखाली असतो, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याला सहसा पटत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. अशा हवामानात उगवलेले धावड्याचे, ऐनाचे, बिजाचे किंवा सागाचे रोप सुरुवातीची वर्षे वर वाढण्यापेक्षा मूळ खोल सोडण्यात घालवते. उन्हाळ्यात त्याचा शेंडा उन्हाने, आगीने किंवा गुरांच्या तोंडाने जातो, परंतु मूळ जिवंत राहते आणि पुढच्या पावसात त्यातूनच नवा फुटवा येतो. हा खेळ पाच, दहा, कधी पंधरा वर्षेही चालतो. वर पेन्सिलीएवढी काडी दिसत असली तरी खाली अंगठ्याहून जाड मूळ असते; विश्वास बसत नसेल तर दोन-चार रोपे उकरून पाहावीत. मुळातला साठा पुरेसा झाला आणि त्यानंतर सलग तीन-चार वर्षे आग व गुरे चुकली, की हेच रोप भराभर माणसाच्या उंचीच्या वर निघून जाते, त्याची साल जाड होते आणि पुढची आग त्याला मारू शकत नाही. तोडलेल्या झाडांच्या खुंटांचेही तसेच आहे. साग, धावडा, ऐन, लेंडिया ही झाडे खुंटापासून जोमाने फुटतात. तेंदू आणि पळस तर मुळांपासून दूरदूरवर फुटवे काढतात. त्यामुळे ज्या जागेला आपण उजाड म्हणतो, ती अनेकदा उजाड नसून दरवर्षी खुडली गेलेली असते.

हे मला नोकरीत लागल्यावर कोणी सांगितले नाही. माझ्याच एका चुकीतून ते समजले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विरळ मिश्र जंगलात मी सागाचे रोपवन केले. जागा साफ केली, झुडपे आणि खुरटी झाडे जमिनीलगत तोडून टाकली, पहिल्या पावसाबरोबर सब्बलीने भोके पाडून ओळीने सागाचे खुंट, म्हणजे शेंडा छाटलेली मुळासकट रोपे, लावले. पुढच्या हिवाळ्यात पाहणीला गेलो तेव्हा माझा साग गुडघ्याएवढा होता आणि ओळींच्या मधून धावडा, लेंडिया, बिजा, तेंदू छातीएवढे वर आले होते, कारण त्यांची मुळे जुनी होती आणि आम्ही केवळ वरचे कापले होते. त्यानंतरची दोन वर्षे निंदणीचा निधी आम्ही त्याच फुटव्यांना तण म्हणून कापण्यात खर्च केला. ज्या कामासाठी रोपवन करायचे ते काम जंगल फुकट करून देत होते आणि आम्ही पैसे देऊन ते थांबवत होतो. त्या जागेवर आज साग उभा आहे, पण मोह नाही, चार (चारोळीचे झाड) नाही, आवळा नाही, आणि आसपासच्या गावांतील बायका ती जागा ओलांडून पुढच्या जंगलात जातात.

म्हणून पहिले काम मोजणीचे. धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर डिसेंबरात ती करावी; गवत बसलेले असते, सागाची पाने अजून झडलेली नसतात आणि रोपे पानांवरून ओळखता येतात. ४०० हेक्टरच्या नकाशावर २०० मीटर अंतराच्या आडव्या-उभ्या रेषा आखल्या तर सुमारे १०० छेदबिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूवर २० मीटर बाय २० मीटरचा चौकोन दोरीने आखावा. त्यातील ज्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरचा, घेर ३० सेंटिमीटरहून अधिक असेल, त्या सर्वांची जात आणि घेर लिहावा. बांबूची बेटे मोजावीत. चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ मीटर बाय ५ मीटरचा लहान चौकोन करून त्यात खुरटी रोपे आणि खुंटांचे फुटवे जातवार मोजावेत. चार-पाच जणांचा एक गट दिवसाला चार चौकोन सहज करतो, म्हणजे पाच गटांना पाच दिवस पुरतात. गटात गुरे राखणारा एक गोवारी आणि वनोपज वेचणाऱ्या दोन स्त्रिया असाव्यात, हा माझा आग्रह आहे. पाने झडलेल्या रोपाची जात सालीवरून सांगणारे लोक आता याच मंडळींत उरले आहेत. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली मुले त्या ठिकाणी मोबाईल काढतात.

आकड्यांचे काय करायचे? माझा ठोकताळा साधा आहे. लहान चौकोनात उपयोगी जातीचे एक जरी जिवंत मूळ सापडले, तर त्याचा अर्थ हेक्टरी सुमारे ४०० असा होतो, आणि एवढी झाडे उभी राहिली तर जंगल भरते. उघड्या भागातील दहापैकी सात चौकोनांत असे मूळ मिळाले, तर रोपवनाचा विचार सोडून द्यावा आणि ती जागा पाच वर्षे आग व चराईपासून राखावी. त्याच जागेत खुंटांवर फुटव्यांचे झुबके असतील, तर दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर एक किंवा दोन सरळ, जमिनीलगतचे फुटवे ठेवून बाकीचे छाटावेत. मजुरी रोपवनाच्या तुलनेत फार थोडी लागते. जुने अतिक्रमण सुटलेली शेते, मुरमाच्या खाणी, गुरे बसून कठीण झालेल्या जागा अशा ठिकाणी मूळच शिल्लक नसते, आणि तेथे लावणे योग्य आहे. मोजणीत आणखी एक गोष्ट दिसेल. काही जातींची मोठी झाडे असतील, पण लहान रोपे एकही नसतील. मोह आणि चार यांच्या बाबतीत हे बहुधा आढळते. तेथे पेरणी करावी. मात्र मोहाची बी ताजीच टोचावी लागते, कारण ती साठवली की उगवणशक्ती झपाट्याने गमावते. गावालगतच्या जागेत गराडीच गराडी माजलेली दिसली तर समजावे की तेथे चराई प्रमाणाबाहेर झाली आहे. गराडीचा पाला विषारी असल्याने गुरे तो टाळतात आणि बाकीचे खाऊन टाकतात.

निव्वळ सागाचे रोपवन नको म्हणण्याची इतर कारणेही आहेत. सागाची रुंद पाने पावसाचे पाणी गोळा करून मोठमोठ्या थेंबांनी खाली टाकतात, आणि खालचे गवत-झुडूप जळालेले असेल तर माती उखळून वाहून जाते. एकाच जातीचे रान असले की पाने खाणाऱ्या अळ्यांना मेजवानी मिळते. पावसाळ्यात चाळणी झालेली सागाची पाने आपण पाहिली असतीलच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली आहे, आणि त्यात बांबू येतो, तेंदू येतो, मध, लाख, डिंक येतात, पण इमारती लाकूड येत नाही. ज्याच्या विक्रीचा हक्क नाही त्या झाडासाठी हक्काची झाडे घालवण्यात काय शहाणपण आहे, हे मला कळत नाही. निलगिरीविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. तिच्याखाली आपल्याला वेचण्यासारखे काहीच नसते.

आता बांबू. येथे मी अधिक तपशिलात जाणार आहे, कारण ग्रामसभांचे बरेवाईट याच पिकावर ठरलेले मी पाहिले आहे. आपल्या जंगलातील मुख्य जात मानवेल आहे. तिचे बेट, ज्याला आपल्याकडे रांजी म्हणतात, हे एक झाड आहे असे समजावे. पावसाळ्यात जमिनीतून निघालेला कोंब दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर कधीही जाड होत नाही. त्याला लागणारे अन्न त्याच्या स्वतःच्या पानांनी तयार केलेले नसते, कारण त्या वेळी त्याला पानेच नसतात. ते आधीच्या दोन-तीन वर्षांच्या बांबूंनी तयार करून जमिनीतील कंदात साठवलेले असते. त्यामुळे बेटातील सगळे जुने बांबू काढले तर पुढचे कोंब कमी येतात, बारीक येतात, आणि दोन-तीन वर्षांत हातातल्या काठीएवढा बांबू उरतो. व्यापाऱ्याच्या प्रस्तावाचा शेवट तोच आहे. पहिल्या वर्षी हातात रोकड दिसते आणि त्यानंतर चार-पाच वर्षे विकण्याजोगे काही मिळत नाही.

बेट बाहेरच्या बाजूने वाढते, म्हणजे सर्वांत कोवळे बांबू कडेला आणि जुने मध्यभागी असतात. तोडणाऱ्याला मात्र कडेचे सोपे पडतात. तो कडेचे नेतो, मधले सुकून गुंततात, बेट गच्च होते आणि नवा कोंब आतल्या जाळीत वाकडा होतो. यावर जुना उपाय म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची तोड. जिकडे नवे कोंब येत आहेत त्याच्या विरुद्ध बाजूने आत शिरायचे, मधले पिकलेले आणि वाळलेले काढायचे, आणि नव्यांची कडा अर्धवर्तुळासारखी शाबूत ठेवायची. चालू पावसाळ्यातला आणि त्याच्या आधीच्या वर्षाचा बांबू तोडायचा नाही. पहिल्या वर्षाच्या बांबूवर कोषपाने (खोडाला लपेटलेली आवरणे) आणि पांढुरकी भुकटी असते; तीन वर्षांच्या पुढच्याचा रंग पिवळसर होतो, अंगावर डाग येतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकल्यास आवाज खणखणीत येतो. तोड जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, पेराच्या लगेच वर करावी, म्हणजे उरलेल्या नळीत पाणी साचून कंद कुजत नाही. कंद कधीही उकरू नये. ज्या बेटात एक वर्षावरचे बांबू आठ-दहांहून कमी आहेत, त्याला हातच लावू नये.

उदाहरण घेऊ. एका बेटात ३० बांबू आहेत. त्यांपैकी यंदाचे ६, गेल्या वर्षीचे ७ आणि त्याहून जुने १७. पहिले १३ सुटले. जुन्या १७ पैकी ७ आधारासाठी व अन्नासाठी राखावेत आणि १० काढावेत. दहा म्हणजे बेटाचा तिसरा हिस्सा, आणि तीन वर्षांनी त्याच बेटाकडे परतायचे असेल तर तेवढाच काढणे शहाणपणाचे आहे. म्हणून जंगलाचे सुमारे १३० हेक्टरांचे तीन भाग करावेत आणि दरवर्षी एकाच भागात तोड करावी. काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन पावसाच्या पुरेसे आधी संपावे. कोंब निघण्याच्या काळात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, त्या भागात ना कोयता ना गुरे. वास्त्यांची, म्हणजे कोवळ्या कोंबांची, भाजी आपल्याकडे आवडीने खातात आणि ती बंद करा असे मी सांगणार नाही. उशिरा निघणारे कोंब बहुतेक वेळा मरतातच, त्यामुळे पोळ्यानंतर निघालेले वास्ते काढण्यास मुभा द्यावी आणि त्याआधीचे राखावेत.

मजुरीची पद्धतही येथे महत्त्वाची आहे. नुसत्या नगावर किंवा टनावर मजुरी दिली तर तोडणारा कडेचाच बांबू तोडणार. तो लबाड असतो म्हणून नव्हे, संध्याकाळी त्याला घरी दोन पैसे न्यायचे असतात म्हणून. मी ज्या गावांत चांगले काम पाहिले, तेथे गुंतलेले बेट साफ करण्याची मजुरी वेगळी होती आणि बेटाची पाहणी झाल्यावरच ती दिली जात असे. विक्रीला आता अडचण नसावी. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण वाहतूक परवान्यावाचून बांबू विकता येत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी हा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा हे सगळ्यांसाठीच निश्चित केले. व्यापाऱ्याशी करार करताना तोड ग्रामसभेचे लोक ग्रामसभेच्या नियमाने करतील आणि व्यापारी डेपोवर मोजून माल घेईल, एवढे एक कलम पक्के असावे. बेटापर्यंत व्यापाऱ्याची माणसे जाऊ देऊ नयेत.

बांबूला फुलोरा येण्याची शक्यताही आराखड्यात लिहून ठेवावी. मानवेल काही दशकांतून एकदा मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी फुलतो, बी देतो आणि मरतो. त्या वर्षी घाईने हिरवी बेटे तोडण्याचा मोह होतो. तो टाळून बी पडू द्यावे आणि त्यानंतर वाळलेला माल काढावा, कारण तो उभा राहिला तर पुढच्या उन्हाळ्यात भीषण आग लागते. बियांतून गवतासारखी दाट रोपे येतात आणि त्यांची तोडण्याजोगी बेटे होण्यास आठ-दहा वर्षे जातात. या काळातली पहिली चार-पाच वर्षे त्या क्षेत्रात गुरे शिरली तर बांबू पुन्हा येईल याची खात्री नाही.

आगीकडे वळतो. आपल्या जंगलात उन्हाळी आग बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते, आणि कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत: मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ करायची, तेंदूला कोवळी पालवी आणायची, वाट मोकळी करायची. वडीलधारे म्हणतात की मोठी झाडे आगीने मरत नाहीत, आणि ते बरोबर आहे. तमिळनाडूत मुदुमलाई येथे १९८८ पासून ५० हेक्टरच्या कायम चौकोनात एकेका झाडाची नोंद ठेवली गेली आहे. तेथेही आगीच्या वर्षी मार बसतो तो मुख्यतः बारीक खोडांना, मोठी झाडे बहुतांशी तगतात, आणि जळालेल्यांपैकी अनेक मुळांपासून पुन्हा फुटतात. परंतु दरवर्षी आग लागली तर बारीक खोडांना मोठे होण्याची सवडच मिळत नाही. मोठी झाडे आज उभी आहेत म्हणून जंगल ठीक वाटते. पन्नास वर्षांनी त्यांच्या जागी कोण उभे राहणार, हा प्रश्न मोजणीच्या लहान चौकोनातच दिसतो.

याच्या उलट, आग कायमची आणि सर्वत्र बंद करण्याचा आग्रहही मला मान्य नाही. १८६४ च्या सुमारास मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षण सुरू झाले आणि ते इंग्रजी वनव्यवस्थेचे मोठे यश मानले गेले. पण ब्रह्मदेशातील दमट सागवनांत तोच नियम लावल्यावर खालचे रान माजून सागाची रोपेच दबली, आणि काही दशकांनी तेथील वनाधिकाऱ्यांना धोरण बदलावे लागले. अनेक वर्षे साचलेल्या पाचोळ्यात एखादी आग शिरली तर ती नेहमीच्या आगीपेक्षा फार तापते. म्हणून व्यवहार्य मार्ग असा की सागमिश्रित भागाचे तुकडे पाडावेत, राखण्याच्या तुकड्यांभोवती तीन ते सहा मीटर रुंदीच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, १५ फेब्रुवारीच्या आत झाडून, जाळून तयार कराव्यात, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळात पाळीने राखण ठेवावी. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जाळरेषेचे काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी कळवून, शक्य तर त्याच्या माणसांसह करावे. पाच वर्षांत राखलेल्या तुकड्यातील रोपे निसटली की राखण पुढच्या तुकड्यावर न्यावी.

मोहासाठी आग लावण्याची गरज नाही. झाडाखालचा पाला खराट्याने गोळा करून बांधापलीकडे न्यावा किंवा जुन्या साड्या अथवा जाळी अंथरावी. फुले स्वच्छ मिळतात आणि भावही चांगला येतो. येथे एक गैरसमज दूर करतो. फुले वेचल्यामुळे मोह कमी झाला असे शहरातून आलेले लोक म्हणतात, पण गळणारा गोड भाग परागीभवनानंतरच गळतो आणि फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. मोहाची रोपे दिसत नाहीत ती आगीमुळे, गुरांमुळे आणि टोळ, म्हणजे मोहाची फळे, एकही न सोडता वेचल्यामुळे. प्रत्येक पाच झाडांमागे एका झाडाचे टोळ सोडावेत, एवढा नियम पुरे.

तेंदूला कोवळे पान येण्यासाठी आगीऐवजी खूटकटाई करावी. संकलनाच्या सुमारे दीड महिना आधी, फेब्रुवारी अखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, झुडपे धारदार विळ्याने जमिनीलगत कापली की एकसारखी, निरोगी पालवी येते. मोठ्या तेंदूच्या फांद्या तोडून पाने काढण्यास मात्र बंदी हवी. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर फांदीतोड आणि आग टाळण्यासाठी तेंदू संकलनच बंद केले आणि फळे माणसांना व पाखरांना ठेवली. त्यांना बांबूचे उत्पन्न होते म्हणून ते जमले. आपल्याकडे ७० पानांच्या पुडक्यावर अनेक घरांची पावसाळ्यापूर्वीची बेगमी अवलंबून असते, तेव्हा तोच निर्णय घ्या असे मी सुचवणार नाही. चारोळीच्या बाबतीत मात्र कठोर व्हावे. दुसरा नेईल या भीतीने प्रत्येक जण कच्ची फळे, कधी फांदीच तोडून नेतो, आणि सगळ्यांचेच नुकसान होते. गोंड-माडिया समाजात पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवे फळ तोंडात घालायचे नाही ही रीत होती, आंब्याबाबत अनेक गावांत ती अजून आहे. चारोळीची तारीख ग्रामसभेने त्याच रीतीला जोडून ठरवावी, म्हणजे नियम कागदावरचा वाटणार नाही.

चराईविषयी थोडेच लिहितो. बांबू तोडीचा चालू भाग आणि आगीपासून राखलेला तुकडा शक्यतो एकच ठेवावा, म्हणजे बंदी एकाच ठिकाणी येते आणि उरलेले जंगल गुरांना खुले राहते. शेजारच्या गावाची गुरे येत असतील तर त्या गावाला बैठकीला बोलवावे. जुना निस्तार, म्हणजे चराई-सरपणाचा वहिवाटीचा हक्क, त्यांचाही असू शकतो.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, वाढलेली असेल तर ती कापू नये, कारण कापली की दुप्पट फुटते. मुख्य मूळ मातीच्या थोडे खाली तोडून संपूर्ण झुडूप उपटावे आणि उलटे ठेवावे, फळे पिकण्याच्या आधी. पुढचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी, विशेषतः पाखरे बसणाऱ्या झाडांखाली, पुन्हा फिरावे लागते. एवढे मनुष्यबळ नसेल तर सगळ्या जंगलात हात घालण्यापेक्षा जेथे ती नुकतीच शिरली आहे अशा कडा आधी साफ कराव्यात.

ओढ्याच्या दोन्ही काठांना वीस-वीस मीटर कसलीही तोड नको. पोकळ, वठलेली झाडेही सरपणासाठी नेऊ नयेत. धनेश आणि मधमाश्या तेथेच घर करतात. आणि एक काळजीची गोष्ट. जिल्ह्यात वाघ पुन्हा वाढले आहेत, २०२१ पासून हत्तींचाही वावर आहे, आणि मोहाची वेचणी पहाटेच्या अंधारात वाकून, एकट्यानेच होते. उजाडल्यावरच आणि चार-पाच जणांनी एकत्र जावे, हा नियम ग्रामसभेने ठरावात घ्यावा. फुले गोळा करायला तासभर उशीर झाला तर त्यांतली थोडी फुले जनावरे खातील. तेवढे नुकसान सोसावे.

आराखडा करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा आहे आणि मंजुरी ग्रामसभेची. वनखात्याची कार्य आयोजना, म्हणजे खात्याचा स्वतःचा जंगल व्यवस्थापन आराखडा, मागवून घ्यावी, तिच्यातील कक्षांचे नकाशे आणि जुन्या तोडीच्या नोंदी फार उपयोगी पडतात. परंतु तिची नक्कल करू नये, कारण ती बहुधा लाकूड नजरेसमोर ठेवून लिहिलेली असते. वीस पानांचा आराखडा पुरतो. त्यात नकाशा, मोजणीचे तक्ते, बांबूचे तीन भाग, राखण्याचा तुकडा, प्रत्येक वनोपजाच्या तारखा आणि दंडाचे नियम असावेत.

रोपवनाचा निधी परत करावा लागेल अशी आपल्याला चिंता वाटत असेल, तर योजनेच्या अधिकाऱ्याला मोजणीचे तक्ते दाखवून तोच निधी जाळरेषा, फुटव्यांची छाटणी आणि मोहाची पेरणी यांसाठी मागावा. काही ठिकाणी ते मान्य झालेले मी पाहिले आहे, काही ठिकाणी नाही. मोजणीच्या शंभर चौकोनांचे चारही कोपरे दगड रोवून आणि रंग लावून कायम करावेत, म्हणजे पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा मोजता येईल. मोजणाऱ्या गटांत दहावी-बारावीची काही मुले-मुली मुद्दाम घ्यावीत. दगड कुठे रोवला होता हे तेव्हा त्यांनाच आठवेल.